उंटाच्या मेंदूला रक्त कसं जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात अकरावी-बारावीच्या बॅचला सर्क्युलेशन शिकवून झालं की कोणीतरी उंटाचा विषय काढतंच, कारण प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर "उंटाच्या डोक्यात निसर्गाने एसी बसवलाय" टाइपचा फॉरवर्ड येऊन गेलेला असतो. मग पालक विचारतात, परळच्या व्हेटरनरी कॉलेजला गेलेली जुनी मुलं मेसेज करून डिटेलमध्ये विचारतात, आणि मी तेच तेच टाइप करत बसते. म्हणून सगळं एका जागी टाकलंय. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे उंट म्हणजे एका कुबडाचा उंट, आपल्याकडे राजस्थान-कच्छमध्ये दिसतो तो.

मॅडम, थोडक्यात सांगा ना, आपल्यापेक्षा वेगळं काय आहे?

माणसात कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल धमन्या सरळ मेंदूच्या तळाशी जातात आणि फाटे फोडतात, संपलं. उंटात मेंदूकडे निघालेलं बरंचसं रक्त आधी कवटीच्या तळाशी बारीक बारीक धमन्यांच्या एका जाळ्यातून जातं आणि मगच मेंदूत शिरतं. ह्या जाळ्याला रेटे मिराबिले म्हणतात, मी पुढे नुसतं रेटे लिहिणारे. हे जाळं शिरांच्या रक्तात बुडालेलं असतं, आणि ते शिरांचं रक्त नाकाकडून गार होऊन आलेलं असू शकतं. "असू शकतं" हे मुद्दाम लिहिलंय, कारण ते कधी येतं आणि कधी येत नाही ह्यातच सगळी गंमत आहे.

हे रेटे नक्की कुठे असतं? मेंदूच्या आत?

नाही, आणि ही गडबड सगळेच करतात. ते कवटीच्या आत पण मेंदूच्या बाहेर असतं. कवटीच्या तळाला पिट्युटरी ग्रंथी बसायला एक खोलगट जागा असते, तिच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाची शिरांच्या रक्ताची पोकळी असते, आणि त्या पोकळीत रेटे असतं. वरून ड्युरा, म्हणजे मेंदूभोवतीचं जाड आवरण. म्हणजे मेंदू उचलून बाहेर काढला तरी रेटे खाली कवटीला चिकटून राहतं. मटणाच्या दुकानात भेजा काढून देतात तेव्हा बोकडाचं रेटे मुंडीतच राहतं, त्यामुळे आयुष्यभर भेजा फ्राय खाल्लेल्या माणसानेही रेटे बघितलेलं नसतं.

रेटेच्या धमन्यांच्या भिंती पातळ असतात. आत धमनीचं रक्त, बाहेर शिरेचं रक्त, मध्ये एवढीशी भिंत. रक्त एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते.

हृदयापासून मेंदूपर्यंत पूर्ण रस्ता सांगाल का? आम्हाला डायग्राम काढायचाय.

मानेत दोन्ही बाजूंना कॉमन कॅरोटिड वर जाते. डोक्याजवळ पोचली की तिचे फाटे होतात. मोठा फाटा एक्स्टर्नल कॅरोटिडचा, तो जबडा, जीभ, चेहरा सगळ्यांना रक्त देत पुढे मॅक्सिलरी धमनी होतो, आणि ह्या मॅक्सिलरीमधून काही फांद्या कवटीच्या तळाच्या भोकांतून आत घुसून रेटेला मिळतात. हा रेटेचा मोठा पुरवठा. दुसरा फाटा इंटर्नल कॅरोटिडचा, तीही कवटीत शिरून रेटेलाच येऊन मिळते. सगळं रक्त जाळ्यात पसरतं, पुन्हा गोळा होतं, आणि दोन्ही बाजूंना एकेक जाड धमनी ड्युरा भेदून वर मेंदूच्या तळाशी येते. तिथून पुढे ओळखीचा भाग, सर्कल ऑफ विलिस, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं, आणि त्यातून पुढच्या, मधल्या, मागच्या सेरेब्रल धमन्या.

मागून मानेच्या मणक्यांतून येणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या वेगळ्या. त्या बॅसिलर धमनीत रक्त आणून टाकतात आणि बॅसिलर मागून त्याच सर्कलला जोडलेली असते. हा मागचा रस्ता रेटेच्या जाळ्यातून जात नाही, डायग्राममध्ये तो बाजूला वेगळाच दाखवा.

सर्कलचं वर्णन थॉमस विलिस ह्यांनी 1664 मध्ये छापलं आणि त्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होते, तेच ज्यांनी नंतर लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधलं. हे परीक्षेला येणार नाही, पण मुलांना आवडतं म्हणून सांगते.

बोकड, मेंढी, गाय ह्यांच्यातही रेटे असतंच की, मग उंटाचं वेगळं ते काय?

बरोब्बर प्रश्न. रेटे ही काही उंटाची मक्तेदारी नाही, खुरांची जोडी असलेल्या बहुतेक प्राण्यांत ते असतं. गाय, म्हैस, बोकड, मेंढी, हरणं, जिराफ, डुक्कर, सगळे आले. फरक कुठे आहे तर इंटर्नल कॅरोटिडमध्ये. मेंढी, बोकड आणि गाय पिल्लू असतात तेव्हा त्यांना इंटर्नल कॅरोटिड असते, पण मोठं होईपर्यंत तिचा कवटीबाहेरचा भाग बंद होऊन दोरीसारखा होतो, त्यातून रक्त जात नाही. मग रेटेची सगळी भिस्त मॅक्सिलरीच्या फांद्यांवर. उंटाच्या कुळात मात्र ती मोठेपणीही उघडी राहते. एका कुबडाचा घ्या, दोन कुबडांचा घ्या, दक्षिण अमेरिकेतला लामा घ्या, सगळ्यांत.

व्हेटरनरीच्या मुलांसाठी अजून एक. मेंढीत बॅसिलर धमनीत रक्त उलटं वाहतं, म्हणजे पुढच्या सर्कलमधून मागे मणक्यांच्या दिशेने, आणि मेंढीचा जवळजवळ सगळा मेंदू रेटेतून आलेल्या रक्तावर चालतो. मेंढीचा हा पाठ करून ठेवलेला नकाशा उचलून उंटावर चिकटवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. उंट रवंथ करतो म्हणून त्याला गायीच्या गटात ढकलायची सवय लागलीये, पण त्याचं कूळ वेगळं आणि डोक्यातली वायरिंगही थोडी वेगळी.

मानेच्या मणक्यांचं काहीतरी प्रकरण आहे म्हणे?

आहे, आणि मला हे सगळ्यात जास्त आवडतं. आपल्या मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना पंखासारखे भाग असतात, त्यांच्यात एकेक भोक, आणि त्या भोकांतून ओवल्यासारखी व्हर्टिब्रल धमनी वर चढते. बहुतेक सस्तन प्राण्यांत असंच. उंटाचा मणका हातात घेऊन ते भोक शोधायला गेलात तर नेहमीच्या जागी सापडतच नाही. धमनीचा बोगदा मणक्याच्या कमानीच्या आतल्या भिंतीतून जातो आणि मागच्या बाजूला थेट मज्जारज्जूच्या नळीत उघडतो. म्हणजे धमनी काही अंतर मज्जारज्जूच्या शेजारून, हाडाच्या आतून प्रवास करते. उंटाच्या कुळाची ही इतकी खास खूण आहे की एक मणका सापडला तरी जीवाश्मवाले ओळखतात.

आणि ओळखण्यात एकदा फसलेत सुद्धा. 1834 साली चार्ल्स डार्विनला पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर पोर्ट सेंट ज्युलियनला एका मोठ्या प्राण्याची हाडं मिळाली. लंडनला शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने ती तपासली, मानेच्या मणक्यात धमनीची वाट उंटासारखी आतून गेलेली दिसली, आणि त्याने हा प्राणी उंट-लामाच्या जवळचा ठरवला. नाव दिलं मॅक्रॉकेनिया. आता त्या जीवाश्मांतल्या प्रोटीन आणि डीएनएवरून कळलंय की त्याचं नातं घोडा-गेंड्याच्या बाजूचं. धमनीची तीच वाट दोन वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे तयार झाली होती. ओवेन काही कच्चा माणूस नव्हता हो, त्याच्यासमोर पुरावाच तसा होता.

गार रक्त कुठून येतं? वाळवंटात गार काय असतं?

नाक. उंटाच्या नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्यावर ओलसर आवरण, आणि त्या आवरणात रक्तवाहिन्यांची भरपूर गर्दी. श्वास आत येतो, कोरडी हवा त्या ओल्या आवरणावरून जाते, पाणी उडतं, आवरण गार होतं, आणि त्यातलं शिरांचं रक्त पण गार होतं. बाहेर हवा 42 डिग्री असली तरी, कारण हवेचा कोरडेपणा महत्त्वाचा, नुसतं टेंपरेचर नाही.

आता हे गार रक्त दोन वाटांनी परत जाऊ शकतं. एक वाट चेहऱ्यावरून खाली, फेशियल व्हेनमधून मानेच्या जुग्युलर शिरेत, म्हणजे सरळ हृदयाकडे. दुसरी वाट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळच्या अँग्युलर व्हेनमधून, डोळ्याच्या खोबणीतून, मागे कॅव्हर्नस सायनसमध्ये. ह्या शिरांच्या भिंतीत स्नायू असतात, ते आवळले की वाट बंद. रेनडिअरमध्ये हे फार छान तपासलं गेलंय: सिम्पथेटिक नर्व्ह्ज, म्हणजे घाबरताना-पळताना शरीराला तयार करणाऱ्या नर्व्ह्ज, चेतल्या की डोळ्याकडची वाट आवळते आणि चेहऱ्यावरची खुलते. मग रेटेभोवती गार रक्तच येत नाही. जाळं तसंच राहतं, पण कूलिंग बंद.

मी ऐरोलीला राहतो, रिटायर्ड आहे, आयुष्य केमिकल प्लांटमध्ये गेलं. हे म्हणजे आमचं शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजरच की!

काका, अगदी तेच, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे उदाहरण दिलं की निम्म्या घरांत लगेच समजतं. ट्यूब म्हणजे रेटेच्या धमन्या, शेल म्हणजे कॅव्हर्नस सायनस, गरम लाइन हृदयाकडून आणि गार लाइन नाकाकडून. शेल साइडचा व्हॉल्व्ह डोळ्याच्या कोपऱ्यात, आणि तो ऑपरेट करते ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारी मज्जासंस्था, वरच्या सिम्पथेटिक नर्व्ह्ज तिचाच भाग.

एकच दुरुस्ती करते. बऱ्याच पुस्तकांत ह्याला काउंटरकरंट लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही प्रवाह समांतर नळ्यांतून विरुद्ध दिशेने, जसं बारावीला किडनीत हेन्ले लूप आणि वासा रेक्टाला शिकवतो तसं. कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरेचं रक्त तळ्यासारखं पसरलेलं असतं आणि धमन्या त्यात वाकड्यातिकड्या पसरलेल्या, त्यामुळे समोरासमोरच्या नळ्यांचं नीट चित्र इथे बसत नाही. उष्णता जाते ती भिंती पातळ आणि पृष्ठभाग खूप म्हणून.

म्हणजे मेंदू भाजू नये म्हणून हा एसी, बरोबर ना?

फॉरवर्डमध्ये हेच असतं, आणि खूप वर्षं शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांना फार हसू नका. 1972 साली टेलर आणि लायमन ह्यांनी थॉमसन्स गॅझेल ह्या छोट्या हरणाला पळवून मोजमाप केलं, आणि शरीर तापलं तरी मेंदू धमनीच्या रक्तापेक्षा अडीच डिग्रीहून जास्त गार राहिला. त्यावरून गोष्ट तयार झाली की पळताना अंग तापलं तरी मेंदू वाचतो. आणि उंट तर वाळवंटातला, त्याला ही गोष्ट फारच शोभून दिसली.

मग छोटे डेटा लॉगर आले, म्हणजे टेंपरेचर आपोआप नोंदवत राहणारी यंत्रं, जे प्राण्याच्या शरीरात बसवून त्याला मोकळं सोडता येतं. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले डंकन मिचेल, अँड्रिया फुलर आणि त्यांच्या सोबतच्यांनी मोकळ्या रानातल्या प्राण्यांवर हे केलं, आणि चित्र उलटंच निघालं. 1994 च्या ब्लॅक विल्डबीस्ट ह्या आफ्रिकेतल्या मोठ्या हरणाच्या अभ्यासात प्राणी जोरात पळत होते आणि शरीर सगळ्यात जास्त तापलेलं होतं, नेमकं तेव्हा मेंदूचं वेगळं कूलिंग गायब झालं. आणि शांत उभं राहून उन्हात रवंथ चालू असताना ते चालू. वर सिम्पथेटिकचं लिहिलंय ते आठवा: पळताना सिम्पथेटिक चेतणार, डोळ्याकडची शीर आवळणार, कूलिंग बंद. मेंदू भाजू नये म्हणून केलेली सोय ऐन धोक्याच्या वेळी कोण बंद करेल?

आता मला पटलेलं उत्तर सांगते. शरीराचं थर्मामीटर मेंदूतच आहे, हायपोथॅलॅमसमध्ये. ते गरम झालं की ऑर्डर सुटते: घाम गाळ, धाप लाग. म्हणजेच पाणी खर्च कर. तो हायपोथॅलॅमसच जर गार रक्तात ठेवला, तर बाकी शरीर तापलेलं असूनही ऑर्डर उशिरा सुटते. घाम कमी, पाणी शिल्लक. वाळवंटात ज्याला आठवडा-आठवडा पाणी मिळत नाही त्याच्यासाठी मेंदू डिग्रीभर गार ठेवण्यापेक्षा पाण्याची ही बचत जास्त मोलाची. म्हणून मी वर्गात एसी शब्द वापरू देत नाही. एसी चालू केला की बिल वाढतं, इथे उलट बिल कमी होतं.

उंटातही मेंदू शरीरापेक्षा गार राहतो हे मोजलेलं आहे. पाण्याचा नेमका हिशोब मात्र मेंढीवर लावलेला आहे: पन्नास किलोच्या मेंढीने दिवसाचा अर्धा वेळ ही सोय वापरली तर दिवसाला 2.6 लिटरच्या आसपास पाणी वाचतं. मेंढी दिवसाला जेवढं पिते त्याच्या निम्म्याहून जास्त झालं हे.

पण उंट तर अंग तापू देतो असं ऐकलंय. मग मेंदू गार, अंग गरम, हे जमतं कसं?

हे दोन वेगळे पार्ट आहेत पण एकमेकांत अडकलेत. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन 1953-54 मध्ये अल्जीरियातल्या बेनी अब्बेस ह्या ओॲसिसला जाऊन उंटांवर काम करत होते. त्यांना दिसलं की पाणी मिळत असलेल्या उंटाचं टेंपरेचर दिवसभरात दोनेक डिग्री वरखाली होतं, पण तहानलेल्या उंटाचं पहाटे 34 आणि दुपारी 40 च्या पुढे, म्हणजे सहा-सात डिग्रींचा झोका. आपण 40 ला सलाइन लावून पडलेले असतो.

हिशोब करून बघा, वहीत होतो. 500 किलोचा उंट, 6 डिग्रीने तापला. शरीराचा एक किलो एक डिग्रीने तापायला साधारण 0.83 किलोकॅलरी लागते. गुणाकार केला की 2,490 येतात. एक लिटर घाम उडून जायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात. भागाकार केला की 4.3 लिटर. म्हणजे ती उष्णता घाम गाळून काढण्याऐवजी अंगात साठवून ठेवली तर एका दिवसात सव्वाचार लिटर पाणी वाचलं, आणि रात्री आकाश मोकळं, हवा गार, ती उष्णता फुकटात बाहेर. शिवाय अंग गरम असलं की बाहेरच्या हवेशी फरक कमी, त्यामुळे बाहेरून आत येणारी उष्णताही कमी.

आता हे जमायला हायपोथॅलॅमसने 38 लाच बोंब मारून चालणार नाही. इथे रेटे कामाला येतं.

मान एवढी लांब, पाणी प्यायला डोकं खाली घातलं की मेंदूत रक्ताचा लोंढा येत नाही का? रेटे त्यासाठी तर नाही?

जाळ्यामुळे प्रत्येक ठोक्याचा धक्का थोडा मऊ होत असेल असं काही जण मांडतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण फक्त मानेसाठी म्हणाल तर डुकराला मान जवळजवळ नाहीच, त्याच्याकडेही रेटे आहे. त्यामुळे मी तरी मुख्य कारण म्हणून मानेला मार्क देणार नाही.

डिहायड्रेशनमध्ये रक्त घट्ट होऊन मेंदूचा पुरवठा अडत नाही?

आपल्यात हाच प्रॉब्लेम होतो. उंट शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं पाणी गमावूनही उभा राहतो, कारण पाणी जास्त करून पेशींमधून आणि पेशींच्या मधल्या जागेतून जातं, रक्तातला प्लाझ्मा बराचसा टिकतो. लाल पेशी लांबट अंडाकृती असतात, सस्तन प्राण्यांत ही उंटाच्या कुळाचीच खासियत. नंतर पाणी मिळालं की तो दहा मिनिटांत शंभर लिटर पण ओढतो, आणि त्या पेशी फुगून मूळ आकाराच्या 240 टक्क्यांपर्यंत गेल्या तरी फुटत नाहीत.

रेटे कोणाकडे नाही?

घोड्याकडे नाही. त्याच्या कानामागे हवेच्या पिशव्या असतात, गटरल पाउच, त्यांच्या भिंतीवरून इंटर्नल कॅरोटिड जाते आणि तिथे रक्त थोडं गार होतं असं मांडलं गेलंय. उंदीर, ससा ह्यांच्याकडे नाही. मांजराकडे आहे, पण एक्स्टर्नल कॅरोटिडच्या बाजूचं. आणि मजा म्हणजे खुरांची जोडी असलेल्यांमध्येही एक अपवाद आहे, माउस डिअर, दक्षिण-पूर्व आशियाच्या जंगलातलं मांजराएवढं हरीण, त्याच्यात रेटे सापडलेलं नाही. ओल्या जंगलात राहतं, पाण्याची टंचाई नाही. पाण्याच्या बचतीच्या गोष्टीशी हे जुळतं, पण एका अपवादावर थिअरी उभी करू नका.

माणसात आहे का? जुन्या पुस्तकांत तर लिहिलेलं असतं.

नाही. जुन्या पुस्तकांत लिहिलंय ते गॅलेनमुळे. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य, रोममध्ये काम करायचा, माणसाची प्रेतं चिरायला मिळत नव्हती म्हणून बैल-डुकरं चिरली, त्यात रेटे दिसलं, आणि माणसातही असणार असं धरून चालला. त्यावर त्याने अख्खी थिअरी रचली की प्राणशक्ती ह्या जाळ्यात शुद्ध होऊन मेंदूत जाते. तेराशे वर्षं सगळ्यांनी तेच शिकवलं. इटलीतल्या बेरेंगारिओ दा कार्पी ह्या शरीररचनातज्ज्ञाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की मी शोधून दमलो, मला माणसात सापडत नाही, आणि 1543 मध्ये व्हेसेलियस ह्या दुसऱ्या शरीररचनातज्ज्ञाने स्पष्टच सांगून टाकलं. प्रत्यक्ष समोर दिसत नसतानाही माणसं पुस्तकावर विश्वास ठेवून वर्गात "आहे" म्हणत होती, ह्याचं मला आश्चर्य वाटत नाही, मी पेपर तपासते.

मग उन्हात आपलं काय? खारघरला झालं तसं?

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी माणसं उष्माघाताने गेली, ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात आहे, म्हणून हा प्रश्न येतो. आपल्याकडे रेटे नाही, अंगात उष्णता साठवून संध्याकाळपर्यंत ढकलायची सोय नाही. आपल्याकडे एकच हत्यार, घाम, आणि तो उडाला तरच उपयोग. खाडीकाठच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, उडत नाही, म्हणून ठाण्यातली 38 डिग्री अकोल्याच्या 42 पेक्षा जड जाऊ शकते. माणूस बरळायला लागला, तोल गेला, शुद्ध हरपत चालली, तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा आणि पंख्याची हवा द्या, काखेत-मानेला बर्फ लावा आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ठाण्यात उंट आणला तर त्याची ही सिस्टिम चालेल?

कमी चालेल. नाकातलं पाणी उडायला कोरडी हवा लागते, मे महिन्यातली खाडीवरची हवा आधीच पाण्याने भरलेली. पण दमट हवेत उंट जगतच नाही असंही नाही. कच्छमधले खाराई उंट समुद्राच्या पाण्यातून पोहत खारफुटीच्या बेटांवर चरायला जातात, आपल्या ठाणे खाडीला आहे तसलीच खारफुटी. उंटाच्या पाठीवर पोरांना बसवून फोटो काढायच्या आधी मालक त्याला पाणी आणि सावली देतो का तेवढं मात्र बघा.

डॉक्टरांना ह्या रेटेचा काही उपयोग?

उंटाच्या नाही, डुकराच्या. माणसाच्या मेंदूत कधीकधी धमन्या आणि शिरा मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट गुंत्याने जोडलेल्या असतात, त्याला एव्हीएम म्हणतात, आणि त्या गुंत्यात कॅथेटरने औषधी गोंद भरून तो बंद करतात. हे शिकायला आणि नवीन गोंद तपासायला डुकराचं रेटे वापरतात, कारण बारीक रक्तवाहिन्यांचा तसाच गुंता तिथे आयता मिळतो.

प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

उंटाचं बघायचं तर बिकानेरला, तिथे 1984 पासून राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे, म्युझियमही आहे, राजस्थान ट्रिपमध्ये बसवता येईल.

पण रेटे घरीही बघता येतं, बोकडाचं. रविवारी नको, गर्दीत कोणी ऐकून घेणार नाही, मंगळवार-बुधवारी जा. न भाजलेली मुंडी मागा, आणि सांगा की मधून दोन फाका करू नका, कवटीचं वरचं झाकण तेवढं उडवा. दुकानदार एकदा तुमच्याकडे बघेल, मग करून देईल. घरी ग्लोव्ह्ज घाला, खाली पेपर पसरा. मेंदू पुढच्या बाजूने हळूच उचलायचा, खाली दोन डोळ्यांच्या नर्व्ह्ज एकमेकांना ओलांडताना दिसतील, त्या कापल्या की मागे एका खोलगट जागेत वाटाण्याच्या दाण्याएवढी पिट्युटरी. तिच्या दोन्ही बाजूंना ड्युरा थोडी फुगीर दिसते. ब्लेडने ती वरच्यावर चिरून चिमट्याने सोलली की खाली तपकिरी-लाल, स्पंजसारखं काहीतरी दिसेल, बोटाच्या पेराएवढं. वाटीभर पाण्यात धरून हलकं दाबलं की त्यातून रक्त सुटतं, पाणी गुलाबी होतं, आणि मग भिंगाखाली दोऱ्यासारख्या धमन्या सुट्ट्या सुट्ट्या दिसतात. आईला आधी विचारा, आणि ओटा नंतर नीट धुवा. ती मुंडी मग रश्शात टाकायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

डायग्राममध्ये मार्क कुठे जातात?

मेंढीचा चार्ट बघून इंटर्नल कॅरोटिड पुसून टाकतात, उंटात ती ठेवायची. व्हर्टिब्रल धमनी मणक्यांच्या बाहेरून पंखातून काढतात, ती आतून न्यायची. रेटे मेंदूच्या आत भरतात, ते ड्युराच्या खाली, पिट्युटरीच्या शेजारी काढा. आणि निळ्या पेनने शिरांचे बाण मानेकडून वर दाखवतात, म्हणजे गरम रक्तच परत आणून सोडतात. निळा बाण नाकापासून सुरू करा, डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे न्या, आणि कोपऱ्यात जिथे शीर आवळते तिथे एक छोटी खूण करा, त्या खुणेचा मी अर्धा मार्क देते.